देवरीच्या डोक्यावरची वाट

आता नकाशा बघा मंडळी. नागपूरचं सोनेगाव ते रायपूरचं माना, सरळ रेषेत सुमारे 280 किलोमीटर. विमानाला जेमतेम पाऊण तास. आणि या रेषेच्या जवळजवळ मध्यावर आपली देवरी! 1949 साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करून परतायची. कलकत्त्याचं डाकोटा अंदाजे साडेतीन तासांत या बाजूनंच यायचं. पत्रं वरून गेली; माणसं मात्र खालून, ग्रेट ईस्टर्न रोडनं. गोंदियाजवळच्या बिरसीला महायुद्धाच्या काळातली धावपट्टी होतीच, पण तिथून नियमित प्रवासी विमान उडालं ते थेट 2022 मध्ये. म्हणून आम्ही उड्डाणाच्या वेळेआधी दुसरंच विचारतो: देवरीहून बिरसीला पोचायला किती वेळ लागतो? पाऊण तासाहून जास्तच.