बळीराजा नेमका कोणाचा?

पाडवा आला की आपल्या ग्रुपवर ठरलेली लढाई. एक म्हणतो, वामन विष्णूचा अवतार, बळी असुर. दुसरा म्हणतो, वामनानं कपटानं राज्य घेतलं. राजेहो, हा वाद व्हॉट्सॲपनं काढलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी'त वामनाला आक्रमक आणि बळीला रयतेचा राजा ठरवलं. ते पुराणाचं राजकीय वाचन होतं, पुरावा नव्हे. फुल्यांचं नाव घेणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. पण पुराणातला बळीही दानशूरच, अन् बलिप्रतिपदा त्याच्याच नावाची.

२०१५ मध्ये शेतकरी आत्महत्या थांबवायला सरकारनं आपल्या यवतमाळात अन् उस्मानाबादेत अभियान काढलं. नाव 'बळीराजा चेतना'. तेव्हा असुराचं नाव काऊन दिलं, असं इथं कोणी विचारलं नाही. परवाच्या पाडव्याला ग्रुपवर शंभरावर मेसेज पडले. कापसाचा भाव एकानंही टाकला नाही.