युद्धातले चार फोटो आणि त्यांच्यामागची माणसं : पाणबुडीपासून ढाक्याच्या मैदानापर्यंत

युद्धाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. शाळेच्या पुस्तकात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत आणि आता तर रोज सकाळी मोबाइलवर. पण फोटोत नेमकं कोण उभं आहे, तो कुठे काढला, त्याच्या आधी आणि नंतर काय घडलं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. फोटो पुढे सरकत राहतो आणि नावं मागे पडतात. मग त्या रिकाम्या जागेत कुणीही काहीही लिहू शकतं.

म्हणूनच भारतीय सैनिक आणि सेनापतींचे चार फोटो आम्ही इथे निवडले आहेत. चारही सार्वजनिक आहेत आणि शोधले तर सहज सापडतात. प्रत्येकामागची गोष्ट मात्र वेगळी आहे.

१. पाणबुडीवरचे नेताजी आणि त्यांचा सोबती (१९४३)

जपानी पाणबुडीच्या खलाशांसोबत नेताजी सुभाषचंद्र बोस, हा फोटो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. पाणबुडीचं नाव आय-२९. काळ एप्रिल १९४३ची अखेर.

नेताजी ९ फेब्रुवारी १९४३ रोजी जर्मनीतल्या कील बंदरातून यू-१८० या जर्मन पाणबुडीने निघाले. आफ्रिकेला वळसा घालून ही पाणबुडी मादागास्करजवळच्या समुद्रात आली. तिथे जपानी पाणबुडी वाट पाहत होती. दर्या खवळलेला होता. अशा पाण्यात रबरी तराफ्यावरून दोन माणसं एका पाणबुडीतून दुसरीत गेली. एक नेताजी आणि दुसरे आबिद हसन.

फोटोखाली सहसा नेताजींचंच नाव येतं. पण त्या संपूर्ण प्रवासात त्यांच्यासोबत असलेले एकमेव भारतीय म्हणजे हैदराबादचे आबिद हसन. शिक्षणासाठी जर्मनीत गेलेला हा तरुण नेताजींचा सचिव झाला. पाणबुडीतल्या कोंदट, तेलकट जागेत दोघांनी पुढच्या लढ्याची कागदपत्रं तयार केली. ‘जय हिंद’ या अभिवादनाचं श्रेयही अनेक अभ्यासक आबिद हसन यांनाच देतात. पुढे त्यांनी आपल्या नावामागे ‘सफरानी’ लावलं. सफरानी म्हणजे केशरी. स्वातंत्र्यानंतर ते भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले आणि डेन्मार्कमध्ये राजदूतही झाले.

२. ब्रिगेडियर उस्मान यांची अंत्ययात्रा (१९४८)

दुसरा फोटो दिल्लीतला आहे, जुलै १९४८चा. तिरंग्यात लपेटलेला जनाजा आणि त्याला निरोप द्यायला आलेलं अख्खं सरकार. पंतप्रधान नेहरू, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी, मौलाना आझाद. हा जनाजा ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचा.

उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२चा, तेव्हाच्या आझमगड जिल्ह्यातल्या बीबीपूरचा. सँडहर्स्टमध्ये प्रशिक्षण घेऊन ते बलुच रेजिमेंटमध्ये अधिकारी झाले. फाळणी झाली तेव्हा ही रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. उस्मान यांनी मात्र भारत निवडला. पाकिस्तानात मोठ्या पदाचं आमिष दाखवूनही ते बधले नाहीत, असं सांगितलं जातं.

२५ डिसेंबर १९४७ रोजी काश्मीरमधलं झांगर हातातून गेलं. तेव्हा ५० पॅराशूट ब्रिगेडची सूत्रं उस्मान यांच्याकडे होती. झांगर परत घेईपर्यंत आपण पलंगावर झोपणार नाही, अशी शपथच त्यांनी घेतली. डोंगरातला हिवाळा त्यांनी जमिनीवर झोपून काढला. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला त्यांच्या ब्रिगेडने परतवला, आणि तेव्हापासून त्यांना ‘नौशेरा का शेर’ म्हणायला लागले. मार्चमध्ये झांगर परत मिळालं. ब्रिगेडच्या मुख्यालयात पलंगच नव्हता, म्हणून गावातून एक मागून आणला आणि त्या रात्री ब्रिगेडियर साहेब पलंगावर झोपले.

३ जुलै १९४८ रोजी झांगरमध्येच तोफेचा गोळा जवळ फुटून ते शहीद झाले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामियाच्या परिसरात त्यांची कबर आहे. डिसेंबर २०२० मध्ये या कबरीची मोडतोड झाल्याचं समोर आलं आणि लष्कराने दुरुस्तीसाठी पुढाकार घेतला. ज्या कबरीवर माती टाकताना देशाचे पंतप्रधान हजर होते, तिची ही अवस्था का झाली, हा प्रश्न आपण सगळ्यांनीच स्वतःला विचारायला हवा.

३. रसूलन बीबी आणि परमवीर चक्र (१९६६)

तिसऱ्या फोटोत रणगाडे नाहीत की बंदुका नाहीत. २६ जानेवारी १९६६चा दिवस. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन एका साध्या बाईच्या हातात परमवीर चक्र देत आहेत. ती बाई म्हणजे रसूलन बीबी, कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्या पत्नी.

अब्दुल हमीद गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे. ४ ग्रेनेडियर्समध्ये होते. सप्टेंबर १९६५ मध्ये पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांनी पंजाबच्या खेमकरण भागात मुसंडी मारली. हमीद यांच्याकडे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. या तोफेची अडचण अशी की गोळा सुटला की मागच्या बाजूने मोठा झोत निघतो, धूळ उडते आणि आपली जागा शत्रूला लगेच कळते. म्हणून उसाच्या शेतात दडायचं, रणगाडा जवळ येऊ द्यायचा, गोळा डागायचा आणि ताबडतोब जीप दुसरीकडे न्यायची. जीपला चिलखत नसतं. एक गोळा लागला की संपलं.

चीमा गावाजवळ हमीद यांनी हेच केलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. १० सप्टेंबरला अशाच एका रणगाड्यावर नेम धरलेला असताना ते शहीद झाले. आठवडाभरातच परमवीर चक्र जाहीर झालं. असल उत्तरच्या या लढाईत पाकिस्तानचे इतके रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले की नंतर ते भिखीविंडजवळ ओळीने उभे करून ठेवले गेले. लोक त्या जागेला ‘पॅटन नगर’ म्हणू लागले. ओळीत उभ्या रणगाड्यांचे फोटो तिथलेच.

पॅटन किती अवजड असतो हे बघायचं असेल तर महाराष्ट्राबाहेर जायची गरज नाही. अहिल्यानगरच्या, म्हणजे जुन्या अहमदनगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन उभा आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की उघड्या जीपमधल्या माणसाची हिंमत आपोआप कळते.

४. ढाक्याची शरणागती (१९७१)

चौथा फोटो सर्वात प्रसिद्ध. १६ डिसेंबर १९७१, ढाक्याचं रमना रेसकोर्स मैदान. त्याच वर्षी ७ मार्चला शेख मुजीबुर रहमान यांनी याच मैदानावर ऐतिहासिक भाषण केलं होतं. टेबलाशी पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी सही करत आहेत. शेजारी बसलेले लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा. मागे नौदलाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन, हवाई दलाचे एअर मार्शल दिवाण, लेफ्टनंट जनरल सगत सिंग आणि मेजर जनरल जेकब. सुमारे ९३ हजार जणांना ताब्यात घेण्यात आलं. शरणागतीचा मसुदा घेऊन त्याच दिवशी जेकब ढाक्यात उतरले होते, आणि नियाझींना त्यांनीच राजी केलं.

आता जरा नावं बघा. अरोरा शीख, जेकब कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले, सगत सिंग बिकानेरकडचे राजपूत. आणि या विजयाचे मुख्य सेनानी, लष्करप्रमुख सॅम माणेकशा पारशी. ते फोटोत नाहीतच, कारण शरणागती स्वीकारायला त्यांनी पूर्व विभागाच्या सेनापतीला पुढे केलं.

चौकटीबाहेर राहिलेलं आणखी एक नाव म्हणजे हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ. युद्धाच्या वेळी हवाई मुख्यालयात नियोजनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पुढे १९७८ मध्ये ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल. मुंबईच्या राजभवनात राहिलेला हा माणूस किती जणांना आठवतो?

गोव्याशी तर या फोटोचं दुहेरी नातं आहे. जेकब नंतर गोव्याचे राज्यपाल झाले. आणि १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा पणजीत पोहोचलेल्या ५० पॅराशूट ब्रिगेडचे कमांडर होते हेच सगत सिंग. ५० पॅराशूट म्हणजे तीच ब्रिगेड, जी झांगरला उस्मान यांच्या हाताखाली लढली होती. दुसरा फोटो आणि चौथा फोटो असे एका धाग्याने जोडलेले आहेत.

खोट्या मेसेजला खऱ्या नावाचं उत्तर

हे सगळं आज सांगायचं कारण काय? काही वर्षांपासून सोशल मीडियावर एक मेसेज फिरतो. १९६५च्या युद्धात लष्करातल्या ‘मुस्लिम रेजिमेंट’ने लढायला नकार दिला म्हणून ती बरखास्त केली, असा त्यात दावा असतो. मुळात स्वतंत्र भारताच्या लष्करात अशी रेजिमेंट नव्हतीच. ऑक्टोबर २०२० मध्ये १२० निवृत्त सैनिकी अधिकाऱ्यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून या खोट्या प्रचारावर कारवाईची मागणी केली. अलिबागला स्थायिक झालेले नौदलाचे माजी प्रमुख ॲडमिरल एल. रामदास हेही त्यांत होते. अब्दुल हमीद यांचं उदाहरण त्या पत्रात होतंच. ज्या युद्धाबद्दल खोटं पसरवलं जातं, त्याच युद्धात हमीद यांना परमवीर चक्र मिळालं. खोट्याला यापेक्षा थेट उत्तर कोणतं?

मात्र उत्तर देताना आपणही सावध राहिलं पाहिजे. जुना फोटो पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. वर्ष आणि जागा दिली आहे का? गणवेश, पदकं आणि शस्त्रं त्या काळाशी जुळतात का? पदकाचा दावा असेल तर तो सरकारी राजपत्रात आहे का? आणि फोटो प्रत्यक्ष घटनेचा आहे की नंतर काढलेलं चित्र? हमीद यांच्या जीपची जी दृश्यं फिरतात, त्यांतली बरीचशी चित्रकारांनी रंगवलेली आहेत. चित्र म्हणून ती सुंदर आहेत, पण त्यांना फोटो म्हणणं बरोबर नाही. आपल्या बाजूची चूकसुद्धा शेवटी चूकच.

आणि एक काम घरातलं. आजोबा, चुलते, मामा फौजेत होते अशी कितीतरी घरं आपल्याकडे आहेत. पत्र्याच्या पेटीत त्यांचे गणवेशातले फोटो पडून असतात. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, पलटण, गाव आणि साल लिहून ठेवा. मोबाइलवर त्याची एक स्वच्छ प्रत काढा. घरातलं सर्वात वयस्कर माणूस अजून नावं सांगू शकत असेल, तर हे काम याच आठवड्यात करा. नाव लिहिलेला फोटो पुरावा ठरतो. नाव पुसलं गेलं, की त्या फोटोचा अर्थ दुसरं कुणीतरी ठरवतं.