काळी काच

1904 साली इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांच्या पाठबळावर. हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण त्याच साली तिकडे स्वीडनमध्ये ऑस्कर केलबर्गने 'इसाब' ही वेल्डिंगची कंपनी काढली. बाहेरून लेप दिलेला वेल्डिंग रॉड ही त्याचीच देणगी. पुढे या दोन गोष्टींची गाठ पडणारच होती. मागाचा पार्ट तुटला की माग बंद, आणि माग बंद की विणणाऱ्याची मजुरी बंद. मग पार्ट घेऊन पळा वेल्डिंगवाल्याकडे!

माझ्या मामांचं असंच छोटं वर्कशॉप होतं. सातवीच्या मे महिन्यात मी तिथे तासभर ठिणग्या बघत बसलो. "बगू नगंस तिकडं" असं मामा दोनदा ओरडले, पण ऐकतो कोण. रात्री अकराला डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं झालं. मामीने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. त्याने गारवा मिळाला इतकंच. डोळे बरे झाले ते दीड दिवसाने, आपोआप.

म्हणजे होतं काय, तर आर्कमधल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. उन्हाने कातडी भाजते तसाच. गंमत अशी की दुखणं सुरू होतं काही तासांनी. चूक दुपारी, शिक्षा रात्री.

यावर उपाय शोधणाऱ्यांत एक नाव विल्यम क्रुक्स यांचं. भट्टीपुढे काम करणाऱ्या काच कामगारांना मोतीबिंदू होई, म्हणून त्यांनी तीनशेहून जास्त प्रकारच्या काचा करून पाहिल्या आणि 1913 साली रॉयल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडले. आजच्या वेल्डिंगच्या काचेला नंबर असतो आणि त्याचं गणित लॉगरिदमचं आहे (आपल्या जिव्हाळ्याचा विषय!). 11 नंबरच्या काचेतून साधारण 19,000 भागांतला एक भाग उजेड आत येतो.

आणि गोची इथेच आहे. आर्क पेटेपर्यंत त्या काचेतून ठार अंधार. म्हणून मास्क वर करायचा, रॉड जागेवर टेकवायचा, मास्क खाली घ्यायचा. दिवसातून शेकडो वेळा. मग घाईत माणूस म्हणतो, एवढ्याशा टॅकला कशाला मास्क? 1981 साली स्वीडनच्याच होर्नेल कंपनीने 'स्पीडग्लास' आणली. आर्क पेटताच क्षणार्धात स्वतःहून काळी होणारी एलसीडीची काच, आपल्या मॉनिटरची चुलत बहीण.

पण काच तोंडावर असते वेल्डरच्या. शेजारी जॉब धरून उभ्या असलेल्या हेल्परचं काय? 1948 च्या कारखाना कायद्याच्या 35व्या कलमात काम करणाऱ्याबरोबर 'अगदी जवळ' असणाऱ्याच्या डोळ्यांचाही उल्लेख होता. मात्र वीज वापरणाऱ्या कारखान्यात निदान दहा कामगार असले, तरच तो कायदा साधारणपणे लागू व्हायचा. मामांकडे होते तीन, आणि खिळ्याला काळ्या काचेची स्क्रीन एकच.

मला दीड दिवस अंधारात झोपायला मिळालं, कारण मी सुट्टीवर होतो. जॉब धरणारा पोरगा डोळे चोळत दुसऱ्या सकाळी कामावर हजर.

मागच्या दिवाळीत मामांना आपोआप काळं होणारं हेल्मेट नेऊन दिलं. त्यांनी ते लगेच डोक्यावर चढवलं, आणि खिळ्यावरची जुनी स्क्रीन काढून हेल्परच्या हातात दिली.

दोन न्यायला हवी होती, हे मला तेव्हा सुचलं.