आतल्या माणसाची चिठ्ठी

कॉसमॉस बँकेचं प्रकरण आठवतं का? 11 ऑगस्ट 2018, शनिवार. पुण्यातल्या या 1906 सालच्या सहकारी बँकेच्या कार्डांची नक्कल करून 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत 78 कोटी काढले. भारतातून अडीच कोटी, त्यात आपलं कोल्हापूर पण होतं. सोमवारी आणखी 13 कोटी 92 लाख हाँगकाँगला गेले. 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टानं 11 जणांना दोषी धरलं.

तिजोरी कुणी फोडली नव्हती. "खात्यात पैसे आहेत का?" असं एटीएम बँकेच्या सर्व्हरला विचारतं. चोरांनी मधेच खोटा सर्व्हर बसवला, तो "द्या" म्हणत राहिला. आतून होकार आला म्हणजे खरा, असं सगळ्यांनी धरलं.

तिथं निदान व्हायरस तरी घुसवावा लागला. पुढं तीही गरज उरली नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आपल्याला कोणी जाऊ देत नाही. पण शिपायाच्या हातात चिठ्ठी दिली, "अमुक फाइल आण", आणि त्यानं न विचारता आणून दिली तर? शिपाई आतला, त्याला कोण अडवणार! वेबसाइटच्या सर्व्हरला असंच फसवतात. याचं नाव सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी.

2019 मध्ये अमेरिकेच्या कॅपिटल वन बँकेत हेच झालं. सर्व्हरकडून आतल्या चाव्या मागवल्या, त्यानं दिल्या. साडेदहा कोटींच्या आसपास लोकांची माहिती गेली, बँकेला 8 कोटी डॉलर दंड बसला.

त्यात निदान चूक बँकेच्या मांडणीत होती. 2024 मध्ये नेक्स्ट जेएस नावाच्या तयार सांगाड्यातच असं भोक निघालं. जगभरच्या असंख्य वेबसाइट त्यावर उभ्या आहेत. "मी कुठल्या साइटवर आलोय" हे पाहुण्यानंच सांगायचं, आणि काही ठिकाणी सर्व्हर ते खरं मानून त्या पत्त्यावर स्वतः जायचा. 14.1.1 आवृत्तीत दुरुस्ती झाली. पण दुरुस्ती निघणं वेगळं आणि ती आपल्या सर्व्हरवर कोणी बसवणं वेगळं. घोडं तिथंच पेंड खातं.

पालमात आता दाखले, पीकविमा, पतसंस्थेचं खातं, सगळं ऑनलाइन. सॉफ्टवेअर एकदा विकत घेतात, उद्घाटनाचा फोटो येतो, मग पाच-पाच वर्षं कोणी हात लावत नाही. माझ्या पतसंस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत लाभांशाच्या आधी मी विचारणार आहे: सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट केलं, आणि ते करायची जबाबदारी करारात कोणाच्या नावावर आहे? तुम्ही जिथं सभासद असाल तिथं तुम्हीही विचारा. काय उत्तर मिळतं ते खाली लिहा.