बहात्तरावें मूलद्रव्य

परमाणूंच्या आकारांतहि एक क्रम आहे, ही गोष्ट प्रथम स्पष्टपणें मांडली ती लोथार मायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें. सन १८७० मध्यें त्यानें परमाणुभार व परमाणु-घनफळ यांचा आलेख प्रसिद्ध केला. त्यांत सोडियम, पोटॅशियम इत्यादि धातूंपाशीं शिखरें दिसलीं व मध्यें दऱ्या पडल्या. याचें कारण पुढें कळलें. आवर्तकोष्टकाच्या ओळींत उजवीकडे जातांना केंद्रावरील विद्युद्भार वाढतो, इलेक्ट्रॉन आंत ओढले जातात व परमाणु आक्रसतो. स्तंभांत खालीं उतरतांना इलेक्ट्रॉनांचें नवें कवच चढतें व परमाणु फुगतो.

परंतु एके ठिकाणीं हा दुसरा नियम फसला, आणि तेथेंच एक मूलद्रव्य दडून बसलें होतें.

इंग्लंडांत मोस्ले यानें १९१३-१४ मध्यें क्ष-किरणांच्या साहाय्यानें मूलद्रव्यांचे क्रमांक निश्चित केले, तेव्हां ७२ ही जागा अनिश्चितच राहिली. पॅरिसच्या उर्बें यानें १९११ मध्यें विरल-मृत्तिकांत 'सेल्टियम' सांपडल्याचें जाहीर केलें होतें. १९१४ मध्यें तो आपला नमुना घेऊन ऑक्सफर्डला गेला; मोस्लेला त्यांत ७२ व्या मूलद्रव्याची खूण आढळली नाहीं. पुढील वर्षीं, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, मोस्ले गॅलिपोलीच्या रणांगणावर पडला. १९२२ मध्यें पॅरिसहून तोच दावा पुन्हां पुढें आला.

कोपनहेगन येथें बोर याचें मत निराळें होतें. विरल-मृत्तिकांचें कुटुंब ७१ पाशीं संपतें. ७२ वें मूलद्रव्य हें झिर्कोनियमचें सगोत्र असलें पाहिजे, असा त्याचा सिद्धान्त होता. कॉस्टर व हेवेशी यांनीं नॉर्वेंतील झिर्कॉन खनिज तपासलें आणि अपेक्षित रेषा स्पष्ट उमटल्या. ११ डिसेंबर १९२२ रोजीं स्टॉकहोम येथें नोबेल व्याख्यान देतांना बोरनें ही वार्ता सांगितली. कोपनहेगनच्या लॅटिन नांवावरून या द्रव्यास 'हाफ्नियम' म्हणूं लागले. उर्बेंनें आपला हक्क वर्षानुवर्षें सोडला नाहीं. पण त्याचें सेल्टियम म्हणजे ७१ वें ल्युटेशियमच ठरलें.

क्लाप्रोट यानें झिर्कोनियम ओळखलें १७८९ मध्यें. म्हणजे १३३ वर्षें रसायनज्ञ झिर्कोनियमबरोबर हाफ्नियमहि हाताळीत होते, व कोणास त्याचा पत्ता नव्हता! कारण १९२५ मध्यें ऑस्लोच्या गोल्डश्मिट यानें उलगडलें. लँथॅनमनंतरच्या चौदा मूलद्रव्यांत नवे इलेक्ट्रॉन आंतल्या कवचांत जातात. ते केंद्राचें आकर्षण पुरतें झांकीत नाहींत, म्हणून परमाणु पायरीपायरीनें आक्रसतात. या संकोचानें नव्या कवचाची वाढ पुसून टाकली. झिर्कोनियमच्या परमाणूची त्रिज्या सुमारें १.६० आंगस्ट्रॉम, तर हाफ्नियमची १.५९, आंगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. भार मात्र ९१ व १७८, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आकार एक, संयुजा एक. मग एकाच स्फटिकांत दोघेहि सुखानें नांदतात.

हें साम्य आजहि महाग पडतें. अणुभट्टींतील इंधनाच्या नळ्यांस झिर्कोनियम लागतें, कारण तें न्यूट्रॉन फारसे शोषीत नाहीं. हाफ्नियम मात्र ते अधाशासारखे गिळतें. म्हणून नळी घडविण्यापूर्वीं या दोघांची ताटातूट करावी लागते. हैदराबादच्या कारखान्यांतहि तें काम चालतें.