काळ्या दगडाचा पांढरा वंश

वसई तालुक्याच्या पोटात चुनखडी नाही. जीवदानीचा डोंगर, तुंगारेश्वर, कामणकडचे उतार, सगळा काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. पाणी मुरून चुनखडीत गुहा कोरल्या जातात, छतातून दगडी झुंबरं लोंबतात, जमीन खचून खड्डे पडतात, तसलं काही इथे व्हायचं नाही. पश्चिम पट्ट्यातली बावखलं, म्हणजे छोटी तळी, लांबून तशा खड्ड्यांसारखी वाटू शकतील, पण ती माणसांनी खणलेली आहेत.

तरीही वसईच्या किल्ल्यात चुना आहे, आणि तो थोडाथोडका नाही. मैलोगणती तट, बुरूज, चर्चांचे मनोरे, सगळ्यांच्या सांध्यांत तो भरलेला आहे. मग हा चुना आला कुठून?

त्याचं मूळ शोधताना पुन्हा काळ्या दगडापाशीच यावं लागतं. आपल्या बेसाल्टच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा कॅल्शियमचा ऑक्साइड असतो. दगड कुजतो तसं हे कॅल्शियम सुटतं. घाटावर, जिथे पाऊस बेताचा, तिथे ते काळ्या मातीतच थिजतं आणि चुनखडीचे खडे होऊन नांगराला लागतं. देशावरच्या वाड्यांचा चुना मुख्यतः त्या खड्यांचा. कोकणात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस जमिनीत काही राहू देत नाही. सुटलेलं कॅल्शियम वैतरणा आणि उल्हास सरळ समुद्रात नेऊन ओततात.

समुद्रात ते जगभरच्या नद्यांनी आणलेल्या कॅल्शियममध्ये मिसळतं, त्यामुळे एखाद्या शिंपल्यातला कण जीवदानीचाच, असं म्हणता येणार नाही. पण काही हिस्सा नक्की सह्याद्रीचा. कालवं, खुबे, तिसऱ्या पाण्यातून तो उचलतात आणि त्याची कवचं घडवतात. हे जीव मेल्यावर कवचं किनाऱ्याला लागतात. काही ठिकाणी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपले आपसूकच सांधले जाऊन खडक होतो. मुंबईच्या किनाऱ्यावर तो आढळतो. लाव्ह्याच्या देशात चुनखडक तयार होण्याचा एवढाच काय तो निसर्गाचा प्रयत्न.

बाकीचं काम माणसांनी केलं. शिंपले भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शंभर किलो शुद्ध कवचातून उरतो 56 किलो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो, विरतो. मग वाळूबरोबर बैलाच्या घाण्यात मळायचा. भिंतीत बसला की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो. म्हणजे जे भट्टीत गमावलं ते भिंतीत मिळवतो. किल्ल्याचा प्रत्येक सांधा हा हाताने घडवलेला चुनखडक आहे. खाऊच्या पानाला लागतो तोही याच कुळातला, आणि वसईच्या पानवेली तर प्रसिद्धच.

या भागात दगडकाम आधीपासून होतं. सोपाऱ्याला अशोकाचे लेख काळ्या दगडावरच कोरले गेले. देशावरच्या हेमाडपंती देवळांनी तर चुन्याशिवाय दगडावर दगड नुसता बेतून बसवला. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मग चुन्याची भूक एकदम वाढली. घाईने उंच भिंती उभ्या करायच्या तर प्रत्येक दगड घासून जुळवायला सवड नसते. चुना ती उणीव भरून काढतो. वसईचा दगड तर गलबतांतून गोव्यालाही गेला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेच्या दर्शनी भागात जांभ्याबरोबर तो बसवलेला आहे. त्या इमारतीवरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकात खरवडून काढला, आणि आता उघडा जांभा पावसात झिजतो म्हणून तज्ज्ञ चिंतेत आहेत. गिलावा शोभेपुरता नसतो, हे तेव्हा कुणी ध्यानात घेतलं नाही.

1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या मराठा फौजेने सुरुंग लावून वसईचा तट फोडला. त्यानंतर तटाशी लढतो आहे तो पाऊस. पावसाचं पाणी हवेतून आणि त्याहून जास्त मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि चुना विरघळवतं. वड-पिंपळांची मुळं सांध्यांत शिरून त्याला वाट करून देतात. चुन्याच्या जुन्या कमानींखाली हे पाणी ठिबकतं, घेतलेला कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि पांढरे ओघळ मागे ठेवतं. चुनखडीच्या गुहेत झुंबरं घडतात ती याच रसायनाने. तिथे हजारो वर्षांत जे होतं ते इथे काही शतकांत, बोटभर जाडीत होतं. भूवैज्ञानिक नकाशात वसईला हे भूरूप मिळणार नाही. माझ्या मते द्यायला हरकत नव्हती.

सांधे रिकामे झाले की सिमेंट भरायचा मोह होतो. तो घातक असतो. सिमेंट कडक आणि कोंदट. भिंतीतला ओलावा मग दगडातून बाहेर पडू पाहतो आणि सोबतच्या क्षारांनी दगडाचा पापुद्रा सोडवतो. जुन्या बांधकामाला चुनाच लागतो.

विरार-नालासोपाऱ्याच्या टॉवरना मात्र सिमेंटच लागतं. त्यांच्या काँक्रीटमधली खडी अजूनही काळ्याच दगडाची, पण तिला बांधणारं सिमेंट बाहेरून येतं. महाराष्ट्रात त्याच्या कच्च्या मालाचा मोठा साठा आहे चंद्रपूर-यवतमाळकडच्या चुनखडकात, आणि तो खडक एका प्राचीन समुद्राच्या तळाशी साचला, दख्खनचा लाव्हा वाहण्याच्या कित्येक कोटी वर्षं आधी. किल्ल्याच्या भिंतीत काळा दगड आणि पांढरा चुना यांचं दूरचं का होईना नातं होतं. टॉवरच्या भिंतीत खडी आणि सिमेंट एकमेकांचे कुणीच नाहीत.