बर्फाची वाट, चिखलाचा वसंत

रशियातला हिवाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंद दारे, धगधगती शेगडी आणि बाहेर निपचित पडलेले पांढरे जग उभे राहते. जुन्या व्यापाऱ्यांची आणि राजदूतांची प्रवासवृत्ते वाचण्याचा मला नाद आहे. त्यांत मात्र निराळेच चित्र दिसते. त्या देशात हिवाळा वाटा बंद करीत नसे, उघडीत असे. वाटा बंद करी तो वसंत! ज्या ऋतूचे आपण कोकिळेच्या सुरात स्वागत करतो, त्याच्या नुसत्या चाहुलीने रशियन व्यापाऱ्याच्या पोटात गोळा येई.

याचे कारण त्या भूमीतच आहे. सपाट मुलूख, अफाट जंगले, जागोजाग दलदल आणि पुलांवाचून पसरलेल्या रुंद नद्या. उन्हाळ्यात गाडीची चाके मातीत रुतत. परंतु एकदा थंडी पडली की दलदल दगडासारखी घट्ट होई, खाचखळगे बर्फाने बुजत आणि जी नदी आडवी येत होती तीच हमरस्ता बने. चाकाच्या गाडीला जे ओझे ओढवत नसे, ते घसरगाडीवर घातले की तोच घोडा सहज ओढून नेई. वाट चुकू नये म्हणून बर्फात ठिकठिकाणी फांद्या रोवून ठेवीत. धान्य, कातडी, मासळी, चहा असा जड माल म्हणून हिवाळ्याचीच वाट पाहत बसे.

आंब्रोजो कॉन्तारिनी हा व्हेनिसचा राजदूत इराणच्या दरबारातून परतताना १४७६ साली मॉस्कोत येऊन पडला. अस्त्राखानला तो तातारांच्या तावडीत सापडला होता आणि तेथील व्यापाऱ्यांकडून कर्ज काढून त्याने आपली सुटका करून घेतली होती. ऑक्टोबरअखेर, म्हणजे आपल्याकडे फराळाचे डबे भरले जातात त्या सुमारास, मॉस्क्वा नदी गोठली आणि शहराचा बाजार तिच्या पाठीवर येऊन बसला. सोललेल्या गाई आणि डुकरे गोठून लाकडासारखी ताठ झालेली आणि आपल्या चार पायांवर ओळीने उभी, असे दृश्य त्याने लिहून ठेवले आहे. हे मांस महिनोन्महिने टिके. निसर्गच तेथे शीतगृह चालवीत होता. पुढे ग्रँड ड्यूक तिसरा इव्हान याने त्याच्या कर्जाची सोय लावली आणि जानेवारी १४७७ मध्ये तो मायदेशी निघाला. ऐन कडाक्याच्या थंडीत, घसरगाडीतून! वसंतापर्यंत थांबणे हेच तेथे वेडेपणाचे ठरले असते.

हा प्रवास चाले तो 'याम' नावाच्या टपालचौक्यांच्या बळावर. मंगोल अमलातून आलेली ही पद्धत. प्रत्येक चौकीवर ताजे घोडे मिळत. १५२६ साली दुसऱ्यांदा रशियात आलेला ऑस्ट्रियन राजदूत हेर्बरश्टाइन सांगतो की, त्याच्या एका नोकराने नोव्हगोरोद ते मॉस्को हे ६०० व्हर्स्टांचे, म्हणजे सुमारे ६४० किलोमीटरांचे अंतर ७२ तासांत तोडले. पुढच्या काळात घोडे हवेत तर सरकारी परवाना दाखवावा लागे. बडा अधिकारी आला की व्यापाऱ्याला ताटकळत बसावे लागे आणि सारा राग निघे तो चौकीवरच्या गरीब कारकुनावर. पुश्किनने १८३० साली अशाच एका चौकीवाल्यावर कथा लिहून त्याला अमर केले.

घरोघरी या ऋतूची बेगमी शरदातच झालेली असे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी पापड, सांडगे, लोणची होतात, तशी तेथे कोबी आंबवून पिंपांत भरीत, अळंबी सुकवून माळा करीत. खिडक्या दुहेरी, त्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवीत. घराच्या मध्यभागी विटांची भली मोठी भट्टी. तिच्यातच स्वयंपाक आणि तिच्या माथ्यावर आजी-आजोबांचा बिछाना. सायबेरियाकडे निघालेल्याच्या शिदोरीत 'पेल्मेनी' असत. आपल्या मोदकाची आठवण करून देणारी ही कणकेची पारी, आत मात्र खिमा. बाहेर गोठवून पोत्यात भरायची आणि चौकीवर उकळत्या पाण्यात सोडायची. पायांत नमद्याचे बूट, अंगात मेंढीच्या कातड्याचा झगा आणि घोड्याच्या डोक्यावरील कमानीला घंटा, असा तो प्रवास.

उरल पर्वताच्या पूर्वेस इर्बित येथे फेब्रुवारीच्या सुमारास मोठी जत्रा भरे. एकोणिसाव्या शतकात निझ्नी नोव्हगोरोदच्या खालोखाल हिचेच नाव होते. सायबेरियाची लोकर-कातडी आणि चीनच्या सरहद्दीवरील क्याख्ताहून आलेला चहा येथे विकला जाई. येथला हिशेब पैशांइतकाच दिवसांचाही होता. बर्फ आहे तोवर माल घरी पोहोचला तर नफा. ऊन लवकर तापले तर तोच माल वाटेत अडकायचा आणि सावकाराचे व्याज मात्र चालत राहायचे.

कारण मग येई 'रास्पुतित्सा'. वाट नाहीशी होण्याचा हा काळ वर्षातून दोनदा, शरदात आणि वसंतात येतो, आणि त्यासाठी रशियन भाषेत हा स्वतंत्र शब्दच आहे. घसरगाडी चालत नाही, चाक रुतते, नदीवरचा बर्फ माणसाला पेलत नाही आणि नावेला वाट देत नाही. खुद्द राजधानी सेंट पीटर्सबर्गमध्ये नेवा नदीवर १८५० पर्यंत कायमचा पूल नव्हता. बर्फ वाहू लागला की तरंगते पूल काढून घेत आणि शहराचे तुकडे होत. पुढे नदी मोकळी झाली की किल्ल्यावरून तोफा सुटत. किल्लेदार नेवेचे पाणी पेल्यात घेऊन सम्राटाकडे जाई आणि द्रव्याचे बक्षीस घेऊन परते. आपल्या नारळी पौर्णिमेचाच हा थंड देशातला भाऊ म्हणावा.

या चिखलाची एक आठवण आपल्या सह्याद्रीतही उरली आहे. त्वेर शहराचा व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि विकायला आणलेला घोडा घेऊन जुन्नरला पोहोचला. तेथे पावसाने त्याला दोन महिने अडकवले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे वर्णन करताना त्याने त्या ऋतूला 'हिवाळा' म्हटले आहे. नाव हिवाळ्याचे दिले खरे. पण जुन्नरचा तो चिखल पाहून त्याला आपल्या गावचा वसंत आठवला नसेल काय? मायदेशी परतत असता स्मोलेन्स्कला पोहोचण्यापूर्वीच तो वारला. मागे उरली ती त्याची वही.

१८५१ साली मॉस्को ते पीटर्सबर्ग आगगाडी सुरू झाली आणि घंटांचा नाद हळूहळू मावळला. तरी उत्तर सायबेरियात आजही दर हिवाळ्यात गोठलेल्या नद्यांवरून 'झिम्निक' नावाचे रस्ते आखले जातात, त्यांवरून मालमोटारी धावतात आणि वसंत येताच ते पाण्यात विरून जातात. आपण दसऱ्याला सीमोल्लंघन करतो ते पाऊस सरला म्हणून. ते लोक बाहेर पडत ते बर्फ पडला म्हणून. ऋतू निराळे, पण वाटेसाठी आभाळाकडे पाहणे दोघांच्याही नशिबी सारखेच होते.